पाणी गेलं, काटा गप्प

कुकरमध्ये बटाटे टाकले, झाकण लावलं, गॅस मोठा केला आणि पाणी घालायचंच राहून गेलं. सांगा बघू, शिट्टी कधी होईल? होणारच नाही! शिट्टी वाजते वाफेच्या जोरावर, आणि पाणीच नसेल तर वाफ येणार कुठून? तुम्ही आपले हॉलमध्ये ‘अजून कशी झाली नाही’ म्हणत चॅनल बदलत बसता आणि आत तळ काळा पडत असतो. शेवटी खबर लागते ती नाकाला. तोवर कुकरची वाट लागलेली असते.

आता हाच कुकर बॉनेटखाली आहे असं समजा. गंमत म्हणजे गाडीची कूलिंग सिस्टिम खरोखरच कुकरसारखी चालते. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण म्हणजे साधं बूच नव्हे. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका ‘बार’ने वाढू देते. घरच्या कुकरमध्येही दाब जवळपास तेवढाच. त्यामुळे एरवी १०० अंशांना उकळणारं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं कूलंट मिसळलं असेल तर आणखी वर. म्हणूनच एप्रिलच्या उन्हात, एसी चालू ठेवून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगत राहिलात तरी गाडी कुरकुर करत नाही.

आणि कुकरची शिट्टी जिथे दगा देते, नेमका तिथेच डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटाही दगा देतो. पाणी गरम झालं तर तो सांगतो. पाणी संपलं तर गप्प बसतो. तेव्हा आजचा विषय आहे पाणी संपल्याचं सांगणारा छोटासा बझर, म्हणजेच कूलंट लॉस अलार्म. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर आणि अलॉय व्हीलच्या गर्दीत हा बिचारा कुणाच्याच विशलिस्टमध्ये नसतो. असायला हवा, का ते बघा.

काटा खोटं बोलतो का?

गॅरेजमध्ये बाकड्यावर बसून तासभर काढलात तर हा संवाद कधी ना कधी कानावर पडतोच.

“काका, पण काटा तर मधेच होता हो!”

“अहो साहेब, काटा मधेच राहणार. पाणी होतं कुठे आत?”

साहेबांचा विश्वास बसत नाही. त्यांचंही चूक नाही. काटा असतो कशासाठी मग? पण बिचारा काटा खोटं बोलत नाही, त्याला जो प्रश्न विचारलाय त्याचंच तो उत्तर देतो. इंजिनातून पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या जवळपास, पितळेच्या बोंडात एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो कूलंटमध्ये बुडालेला आहे तोवर इंजिनाची खरी खबर मिळते. कुठेतरी होस फुटला, क्लिप सैल झाली, पाण्याची पातळी खाली गेली की हा सेन्सर उघडा पडतो. आता त्याच्याभोवती पाणी नाही, हवा आणि थोडीशी वाफ आहे. हवा उष्णता पोचवण्यात महाआळशी. गरम तव्याच्या वर वीतभर हात धरला तर चालतो, तव्यावर ठेवला तर चालत नाही, तसंच. शेजारचा धातू भाजून निघत असतो आणि सेन्सर म्हणत असतो, ‘सब ठीक है’. कधी कधी तर काटा चक्क खाली येतो आणि आपल्याला वाटतं, चला, घाट संपला, इंजिन थंड झालं!

त्यात आजच्या गाड्यांची आणखी एक खोड आहे. काटा सारखा हलला की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतो. म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये काटा मुद्दाम मध्यावर ‘धरून’ ठेवलेला असतो. तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो हलत नाही आणि हलतो तेव्हा एकदम लाल पट्टीकडे झेपावतो. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. इंजिन गार असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल दिवा, बस्स. आणि तो लाल दिवासुद्धा त्याच सेन्सरच्या सांगण्यावरून पेटतो.

ऑफिसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एमआयएसचा डॅशबोर्ड सगळा हिरवागार असतो, आणि जी गोष्ट त्यात मोजलीच जात नाही तीच एक दिवस अंगावर येते. काटा मोजतो ‘किती गरम?’ आपल्याला आधी हवं असतं, ‘आहे का?’

हा घोळ आजचा नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवायची टूम निघाली होती. अमेरिकेतल्या बॉइस मोटोमीटरचं पेटंट १९१२ सालचं. गोलसर, दिमाखदार, बॉनेटच्या टोकावर मिरवणारं यंत्र. तेही पाण्याच्या वरच्या वाफेचंच तापमान दाखवायचं. शंभराहून जास्त वर्षं झाली, यंत्र डॅशबोर्डवर आलं, डिजिटल झालं, पण प्रश्न तोच राहिला.

चार मिनिटांचा खेळ

छोट्या गाडीच्या पोटात कूलंट असतं जेमतेम ४ ते ६ लिटर, म्हणजे ऑफिसमधल्या वॉटर कूलरच्या बाटलीच्या पावपट. पण काम बघा. जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता याच पाण्यातून रेडिएटरकडे जाते. सिलिंडरच्या आत ज्वाळेचं तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जातं आणि ज्या अल्युमिनियमचं हेड बनलेलं असतं ते ६६० अंशांना वितळतं. या दोघांच्या मध्ये उभं असतं ते तुमचं ४-६ लिटर पाणी.

ते गेलं आणि गाडी चढावर, भरलेली, एसी चालू, अशी पळत राहिली की खेळ काही मिनिटांचा असतो. आधी अल्युमिनियमचं हेड वाकतं. खालच्या ब्लॉकशी त्याची घट्ट बसलेली जोडणी सुटते, हेड गॅस्केट जातं, ऑइलमध्ये पाणी मिसळतं. तरीही गाडी दामटली तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन जाम. पहिल्या टप्प्यावर थांबलात तर होस पाइप आणि कूलंटचं बिल. दुसऱ्या टप्प्यावर हेड उतरवा, घासून सपाट करा, गॅस्केट बदला, पाच आकडी बिल. तिसऱ्या टप्प्यावर मेकॅनिक आधी तुम्हाला खुर्ची देतो आणि मग आकडा सांगतो.

‘इन्शुरन्स आहे ना!’ असं म्हणणाऱ्यांनी आजच पॉलिसी काढून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन सरळ वगळलेलं असतं. इंजिनासाठी वेगळा ॲड-ऑन घेतला असेल तर त्यात काय धरलंय आणि काय नाही, ते बारीक अक्षरांतून तपासा. थोडक्यात, गाडीचे हप्ते चालू आणि गाडी गॅरेजमध्ये बंद, हे कॉम्बिनेशन कुणालाच परवडणारं नाही. ज्यांची इको किंवा टेम्पो रोजच्या धंद्यावर चालतो त्यांचं तर विचारूच नका. तिथे बिलाच्या वर बुडालेल्या दिवसांचीही बेरीज होते.

फुलपाड्याची गाडी

आता म्हणाल, आमची गाडी कुठे रोज घाट चढते? मान्य. विरार पूर्वेचा फुलपाडा घ्या. एका बाजूला जीवदानीचा डोंगर, शेजारी पापडखिंडीचं धरण आणि मधे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. इथला नोकरदार सोमवार ते शुक्रवार विरार फास्टचा. गाडी बिचारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी. शनिवार उजाडला की कव्हर काढायचं, काचेवर ओलं फडकं मारायचं, विरार फाट्याला हायवे पकडायचा आणि सुटायचं. वज्रेश्वरी, नाही तर डहाणू, नाही तर लांबची उडी मारून लोणावळा, नाशिक. आणि गणपतीत कोकण तर आहेच.

वापर कमी म्हणजे गाडी सुरक्षित असं वाटतं खरं, पण उभ्या गाडीचे शत्रू वेगळे असतात. पहिला शत्रू उंदीर. डोंगराच्या कडेची वस्ती, बाजूला कचराकुंडी आणि पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा म्हणजे तुमचं बॉनेट. वायर कुरतडली तर गाडी चालू होत नाही, निदान कळतं तरी. होस पाइप कुरतडला तर गाडी मस्त चालू होते, आणि दाब वाढला की तासाभराने, हायवेच्या मधोमध, तो पाइप फाटतो. दुसरा शत्रू वय. सेकंडहॅण्ड गाडी घेतली असेल तर रबर किती जुनं आहे ते देवालाच ठाऊक. तिसरा शत्रू आपण स्वतः. लेव्हल कमी दिसली की टँकरचं किंवा बोअरचं पाणी ओतून मोकळं व्हायचं. टँकरच्या पाण्याने बादलीच्या कडांवर कसा पांढरा थर बसतो ते वसई-विरारकरांना सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि गंजामुळे पाणी गळायला लागतं ते वेगळंच.

मग अशी गाडी शनिवारी भरून निघते. उन्हाळ्याच्या लाँग वीकएण्डला बोरघाटात गाड्या तापून कडेला उभ्या राहिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. २००२ साली पूर्ण सुरू झालेल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला वारं मिळतं म्हणून त्रास जाणवत नाही, पण खोपोलीनंतर चढ, पहिला-दुसरा गिअर, बंपरला बंपर आणि वाऱ्याचा पत्ता नाही. जी गळती विरार ते पनवेल लपून राहिली ती इथे उघडी पडते. आमचा एक मित्र म्हणतो तसं, वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं बघायला निघालेल्याने स्वतःच्या बॉनेटखालीच कुंड बघून परत फिरावं, याला काय अर्थ आहे?

टाकीवरचे दोन रॉड

हा अलार्म म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. विरारकरांच्या तर तो रोजच्या ओळखीचा आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत दोन वायरी सोडलेल्या असतात ना? पाणी वायरींना टेकलं की त्यातून बारीकसा करंट वाहतो आणि खाली वॉचमनच्या खोलीत ‘टंकी भर गई है’ची टेप सुरू होते. पाण्याच्या पंपाला असतं ते ‘ड्राय रन’ संरक्षण बरोबर याच्या उलट. विहिरीत पाणी संपलं की करंट तुटतो आणि मोटर जळू नये म्हणून आपोआप बंद होते. आपल्या काही हजारांच्या पंपाला आपण हे संरक्षण देतो आणि काही लाखांच्या गाडीला देत नाही, हा खरा विनोद!

कूलंट अलार्म म्हणजे गाडीचा ड्राय रन. कूलंट वीज वाहून नेतं. त्यात स्टीलची एक दांडी बुडवून ठेवायची. बुडलेली आहे तोवर सर्किट पूर्ण, सगळं शांत. पातळी खाली गेली, दांडी कोरडी पडली की सर्किट तुटलं आणि बझर बोंबलला. दुसरा प्रकार तरंगणाऱ्या फ्लोटचा. फ्लोटमध्ये लोहचुंबक असतं आणि तो खाली आला की आतला छोटा स्विच चालू होतो. तिसरा प्रकार नवा. प्लॅस्टिकच्या टाकीला बाहेरून चिकटवायचा, पाण्याला हात न लावता पातळी ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर.

मोठ्या गाड्यांना हे नवीन नाही. १९९८ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या ट्रकना कूलंटच्या पातळीचा सेन्सर कंपनीतूनच येतो. फोक्सवॅगन-स्कोडा कुळातल्या अनेक गाड्यांच्या टाकीत दोन बारीक पिना दिसतील, त्या याच कामाच्या. म्हणून पहिलं काम, मॅन्युअल उघडा. तुमच्या गाडीत ‘कूलंट लेव्हल लो’चा इशारा आधीच असेल तर अभिनंदन, पैसे वाचले. नसेल तर पुढे वाचा.

बसवायचा कुठे? इथेच सगळी गोम

ऑनलाइन मागवला, शेजारच्या वायरमनकडून लावून घेतला, झालं! नाही हो, एवढ्यात नाही. चुकीच्या जागी बसवलेला अलार्म हा न बसवल्यापेक्षा वाईट, कारण तो खोटा धीर देतो.

बॉनेट उघडा आणि दोनपैकी कोणती सिस्टिम आहे ते बघा. पहिली, जुन्या पद्धतीची. रेडिएटरच्या डोक्यावर दाबाचं धातूचं झाकण आणि बाजूला पातळ नळीने जोडलेली एक साधी प्लॅस्टिकची बाटली. या बाटलीत फक्त उतू गेलेलं पाणी येऊन बसतं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. पण झाकणाचं रबर गेलं किंवा मोठा होस फुटला तर रेडिएटर रिकामा आणि बाटली मात्र भरलेली, असं सहज होतं. म्हणजे या बाटलीत सेन्सर बसवणं म्हणजे शेजारच्याच्या टाकीवरून आपल्या नळाचा अंदाज घेणं! इथे दांडी रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड होसमध्ये हवी. त्यासाठी होस कापून मधे बसवायचा जोड मिळतो. तो होसच्या नेमक्या मापाचा घ्यायचा आणि होसच्या सगळ्यात उंच भागात बसवायचा. पाणी कमी व्हायला लागलं की आधी उंचावरची जागा कोरडी पडते, म्हणजे इशारा मिळतो तेव्हा इंजिनात बरंच पाणी शिल्लक असतं.

दुसरी, नव्या पद्धतीची. रेडिएटरला झाकणच नाही. दाबाचं झाकण थेट जाड प्लॅस्टिकच्या पांढरट टाकीवर, आणि ही टाकी सगळ्या सर्किटमध्ये सर्वांत उंच. इथे टाकीच योग्य जागा. मात्र टाकीला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. ती दाबाखाली काम करते, तिथूनच नवी गळती सुरू व्हायची. बाहेरून चिकटवायचा सेन्सर ‘मिन’च्या खुणेच्या किंचित खाली लावा, किंवा तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला सेन्सरवाली टाकी मिळते का ते पार्ट्सच्या दुकानात विचारा.

वायरमनला काय सांगायचं

काम तासा-दोन तासांचं. पण वायरमनच्या डोक्यावर उभं राहून पाच गोष्टी करून घ्या.

एक, करंट इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या लाइनवरून घ्यायचा, थेट बॅटरीवरून नाही. नाहीतर आठवडाभर उभ्या गाडीत तो बॅटरी खात बसेल. जिथून लाइन घेतली तिथेच छोटा फ्यूज हवा. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा टॅप मिळतो, कंपनीची वायर सोलून जोड मारायची गरज नाही. वॉरंटीतल्या गाडीत तर मुळीच नाही. होस कापण्याआधीही वॉरंटीच्या अटी बघून घ्या.

दोन, अर्थिंग रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. अर्धे खोटे अलार्म खराब अर्थिंगमुळेच वाजतात.

तीन, वायर स्लीव्हमधून न्यायची आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून व फॅनपासून लांब ठेवायची. केबिनमध्ये आणायला नवीन भोक पाडू नका, मधल्या पत्र्यात आधीपासून रबराची ग्रोमेट असतेच.

चार, बझर आणि लाल दिवा दोन्ही हवेत. गाणी जोरात चालू असताना नुसता दिवा दिसणार नाही आणि नुसता बझर ऐकू येणार नाही.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेन्सरची वायर तुटली तर अलार्म वाजला पाहिजे. ज्या युनिटमध्ये वायर तुटली की शांतता, ते घेऊ नका. दांडीवाल्या प्रकाराचा हाच फायदा. त्याच्यासाठी पाणी संपणं आणि वायर तुटणं एकच, तो दोन्हीला ओरडतो. उंदीरमामांच्या वस्तीत हे फार मोलाचं.

विकत घेतानाही दोन-तीन प्रश्न विचारा. चावी फिरवल्यावर एकदा ‘बीप’ करून स्वतःची तपासणी करतो का? वळणावर आणि खड्ड्यात पाणी हिंदकळतं, तेव्हा उगाच वाजू नये म्हणून काही सेकंदांची सवलत ठेवलेली आहे का? आपल्या रस्त्यांवर हे नसेल तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही वायर उपटून टाकाल. आणि दांडीतून सतत एकाच दिशेने करंट सोडणारं स्वस्तातलं युनिट टाळा, त्याने दांडी झिजते. चांगली युनिट्स करंट थांबून थांबून सोडतात. साधा देशी संच एका चांगल्या टायरपेक्षा स्वस्तात पडतो. आणखी खर्च करायची तयारी असेल तर इंजिनाच्या हेडला बोल्टखाली बसणारा तापमानाचा सेन्सरही लावून घ्या. तो पाण्याचं नाही, थेट धातूचं तापमान सांगतो, त्यामुळे पाणी असो वा नसो, त्याला फसवता येत नाही. घाटातले, जड गाडीवाले आणि जुन्या डिझेलवाले या दोघांची जोडी लावतात.

बसवून झालं की इंजिन पूर्ण गार असताना टेस्ट घ्याच. सेन्सरच्या खाली पातळी जाईल इतकं कूलंट स्वच्छ भांड्यात काढा, चावी ऑन करा, वाजला पाहिजे. परत भरा, आतली हवा नीट काढा, गप्प बसला पाहिजे. दर सहा महिन्यांनी हीच टेस्ट. आणि हो, भरायचं ते कंपनीने सांगितलेलं कूलंटच. नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलंत तर त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि दांडीवाला अलार्म विनाकारण बोंबलेल.

वाजला तर?

घाबरायचं नाही. अलार्म म्हणजे इंजिन गेलं असं नाही, अजून वेळ आहे असं. एसी बंद, हॅझर्ड लाइट चालू, डाव्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या फूडमॉलपर्यंत जाऊ’ हा मोह टाळा, हेड वाकतं ते याच मोहात. हायवेवर सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि मागे त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वाफ जिरलेला कुकरसुद्धा आपण जपून उघडतो, हा तर आत्ताच गॅसवरून उतरवलाय. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होस हाताला सहन होईल इतका गार झाला की जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या रिकाम्या इंजिनात थंडगार बिसलेरी ओतणं म्हणजे तापलेल्या काचेच्या ग्लासात बर्फ टाकणं, हेडला तडा जाऊ शकतो.

‘गाडी तापली की हीटर लाव’ हा जुना सल्लाही लक्षात ठेवा, पण नीट समजून. पाणी असेल तर हीटर इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो आणि घाट पार व्हायला मदत होते. पाणी नसेल तर हीटरमधून गार वारा येतो. म्हणजे हीटर हासुद्धा एक फुकटातला कूलंट अलार्म आहे. फक्त विरारच्या दमट मे महिन्यात तो लावून बघायची हिंमत हवी!

आणि शेवटची, पण कामाची गोष्ट. अलार्म गळती सांगतो, बुजवत नाही. तो एकदा वाजला की पाणी टॉप-अप करून विसरून जाऊ नका. होस, क्लिपा, वॉटर पंपाखालचा ओलावा, रेडिएटरच्या कडा, झाकणाचं रबर, सगळं मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून बघा. कुठेच गळत नसेल आणि तरी पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट तपासायला सांगा.

तर मंडळी, या रविवारी पेपर वाचून झाला की खाली पार्किंगमध्ये जा. इंजिन गार असताना बॉनेट उघडा, टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधे पाणी आहे का बघा, आणि होसवर कुणाचे दात उमटलेत का तेही. पाच मिनिटांचं काम आहे. अलार्म तुम्ही पुढच्या महिन्यात बसवाल, कदाचित बोनस मिळाल्यावर बसवाल. तोवर अलार्म म्हणजे तुमचे डोळेच.